तेरावा महिना

तंत्रज्ञानाशी माझे वैर नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात बसून डोंबिवलीच्या बहिणीचा चेहरा पाहता येतो, हर्णै बंदरावर आज काय मासळी लागली ते घर न सोडता कळते, हे सगळे मला मान्य आहे आणि त्याचे पैसे मोजायलाही माझी ना नाही. तक्रार एवढीच आहे की ते पैसे महिन्याचे म्हणून घेतले जातात आणि मोबाइल कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो.

हा महिना कोणत्या पंचांगातून आला असावा, यावर मी बराच विचार केला. इंग्रजी कॅलेंडरात तो फेब्रुवारीत तेवढा बसतो, तोही लीप वर्ष नसेल तर. म्हणून चांद्रमासाकडे वळलो, कारण किनाऱ्यावरची माणसे तिथीवर चालतात आणि उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी हे आमच्याकडे शाळेचे तोंड न पाहिलेला म्हाताराही बोटांवर मोजून सांगतो. परंतु अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणजे या महिन्याला सूर्याचा आधार नाही आणि चंद्राचाही नाही. शेवटी अठ्ठावीसला तेराने गुणले, ३६४ आले आणि उलगडा झाला. आपल्या पूर्वजांनी चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ बसावा म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एकदा अधिक मास घातला. कंपनीने तो दरवर्षी घातला आहे, आणि त्यात जावयाला वाण देण्याचीही सोय ठेवलेली नाही. पूर्वी तेरावा महिना यायला निदान दुष्काळ तरी पडावा लागे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये कंपन्यांना बजावले की किमान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवावा. तसे पॅक आहेतही. मात्र मुदत संपत आली की अगत्याने फोन करणारी ध्वनिमुद्रित बाई त्यांचे नाव कधी काढत नाही.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी जणू मुहूर्त काढून दर वाढवले. रोज दीड जीबीचा जो पॅक आमच्या घरात चालतो तो २३९ रुपयांवरून २९९ वर गेला, म्हणजे तेरा वेळा भरला की माणशी ३,८८७ रुपये. आमच्या हापूसच्या कलमांना एक वर्ष आड भरघोस मोहोर येतो, या खर्चाला मात्र दर अठ्ठावीस दिवसांनी येतो, आणि त्यावर तुडतुडा पडल्याचेही ऐकिवात नाही.

त्यातून घरात आईचा फोन आहे. तो बटणांचा असून त्यात नेट चालत नाही, तरी कित्येक महिने आम्ही तिला रोज दीड जीबी विकत घेऊन देत होतो आणि ते रोज रात्री बारा वाजता न वापरता वाया जात होते. ती स्वतः कोणाला फोन करत नाही. परंतु बँकेचे खाते, गॅसचे कार्ड आणि आधार हे सारे तिच्याच नंबराला जोडलेले असल्यामुळे ओटीपी तिच्याकडे येतो. येणारा फोन २००३ मध्ये फुकट झाला तेव्हा आम्हाला त्याचे केवढे अप्रूप होते. पुढे २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची अट आली. येणारा फोन आजही फुकटच आहे. फक्त तो येत राहावा यासाठी पैसे भरावे लागतात.

एवढे पैसे भरून रेंज मिळते का, असा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, कारण त्यांनी आमचा भूगोल पाहिलेला नसतो. टॉवर वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर आहे आणि गाव खाली डोंगराच्या पायथ्याशी, माडांच्या आडोशाला. रेंज आमच्या डोक्यावरून सरळ समुद्रावर जाते. परिणामी नावेवर गेलेल्या खलाशाला फोन लागतो आणि घरात असलेल्या त्याच्या बायकोला लागत नाही. आमच्या घरात ओटीवर एक काडी, माजघरात शून्य आणि विहिरीच्या रहाटापाशी तीन, अशी वाटणी आहे. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते आणि मग तोही आमच्यासारखाच अंधारात बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर इथल्या कित्येक गावांतली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे मुंबईतल्या नातलगांना अनेक दिवस कळले नव्हते.

अशा गावात फाइव्ह जी आले आहे. देशात ते १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले, आणि मतलई वारा सुटलेला असेल तर पहाटे आमच्याही फोनवर ती अक्षरे उमटतात, फक्त फोन लागत नाही. माझ्या अडाणी मताने पाचव्या जीच्या आधी टॉवरला दुसरी बॅटरी आणि जनरेटरला डिझेल मिळायला हवे होते. त्यासाठी पैसा नाही, असेही नाही. कंपन्यांच्या समायोजित महसुलातला पाच टक्के हिस्सा खेड्यापाड्यांत दूरसंचार पोचावा म्हणूनच वेगळा काढला जातो. त्या निधीला आधी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. नाव निश्चितच सुटसुटीत झाले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नेट नसलेले, नुसते बोलण्याचे पॅकही ठेवण्याचा नियम केला आणि आईची सोय झाली. हा पॅक चौऱ्याऐंशी दिवसांचा आहे, म्हणजे अठ्ठावीसच्या तीन फेऱ्या, असे मी तिला समजावून सांगितले.

“चौऱ्याऐंशीचा फेरा म्हण की,” आई म्हणाली. “आणि नाही भरला तर?”

“तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतील.”

“मग मोक्षच की रे तो,” असे म्हणून तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि गॅसचा नंबर लावायला मला विहिरीवर पिटाळले.