छाटणी कशाला म्हणायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. डिचोलीहून तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गुलाब छाटतात, मग नवी फूट येते. देवही श्रद्धावंताला असाच छाटतो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की धाकट्या भावाच्या दफनाला आलेल्या कुणीतरी तुमच्या आईला ‘देव तुमची छाटणी करतोय’ असं ऐकवलं, आणि तेव्हापासून बागेची ही उपमा तुम्हाला सोसवत नाही. शिवाय ऋतूंप्रमाणे विश्वासाची कामं ठरवायला लागलो की देवाने फुकट दिलेल्या कृपेची मजुरी होते, असंही तुम्ही म्हणता.

तुमच्या आईला जे ऐकवलं गेलं, त्याला शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या १५ व्या अध्यायात येशू द्राक्षवेलाबद्दल बोलतो, तिथे फांद्या साफ करणारा पिता आहे. कोयती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती दिलेली नाही. पुढे तिसऱ्याच वचनात येशू शिष्यांना सांगतो, मी तुम्हाला जे वचन सांगितलं त्याने तुम्ही शुद्ध झालाच आहात. म्हणजे ही साफसफाई वचनाने होते. वर्षानुवर्षं जपलेला राग एखाद्या सकाळी शास्त्र वाचताना उघडा पडतो आणि सोडावा लागतो, मी छाटणी म्हणतो ती याला. तरुण मुलगा जाणं याला नव्हे. मित्र लाजर गेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. तुम्हाला जास्त फळ यावं म्हणून हे घडलं, असं त्याने लाजराच्या बहिणींना, मार्था-मरियेला, सांगितलं नाही.

बागेची रीतही तीच आहे. इथे फोंड्याकडे भर पावसात आंब्याची फांदी कुणी उगीच तोडत नाही, कारण ओल्या जखमेवर बुरशी धरते. तोडावीच लागली तर वर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतात. आणि एप्रिल-मे महिन्यात, नव्या कलमाची पानं दुपारी मान टाकतात तेव्हा, कोयतीचं काय काम? पश्चिमेच्या अंगाला माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, उभी करायची, बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा, संध्याकाळी आळ्यात पाणी द्यायचं. शोकातल्या घरी मंडळीने एवढंच करावं. डबा पोचवावा, शेजारी बसावं, आणि फळाची चौकशी करू नये.

पण म्हणून उपमाच सोडा, हे मला पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १३ व्या अध्यायातलं अंजिराचं झाड आठवा. तीन वर्षं फळ नाही, धनी म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी याच्या सभोवती खणून खत घालतो. झाड आणि कुऱ्हाड यांच्यामध्ये तो माळी उभा आहे, आणि उपमा टाकली तर तोही हातचा जातो. पावसाआधी झाडाभोवती ज्याने खणलंय त्याला हे काम ठाऊक असतं: बारीक मुळं अगदी वरच असतात, त्यामुळे घाव जपून घालावा लागतो, नंतर हातानेच माती मोकळी करायची, शेणखत पसरून पुन्हा झाकायचं. कंबर माळ्याची दुखते. झाड नुसतं उभं असतं.

मजुरीबद्दल थोडक्यात. मार्कच्या शुभवर्तमानातल्या ४ थ्या अध्यायातला शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. आपल्या गोव्यातल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसाच्या फेस्ताला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, भाताची नवी कणसं आशीर्वादासाठी नेतात. चिखलात राबलेला माणूसही तिथे कणीस हात पुढे करूनच घेतो. नांगरणीची वेळ पाळल्याने पीक त्याच्या कमाईचं झालं, असं तो मानत नाही. मीही मानत नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना ऐकावंसं वाटलं तर लूकमधलं माळ्याचं बोलणं तेवढं वाचून दाखवा. योहान १५ सध्या राहू दे.