लाल पायपिंग चुगली करती

मारुती ८०० बनवणं कंपनीनं २०१४ साली थांबवलं. आमची अजून थांबायचं नाव घेत नाही. थकली ती फक्त ड्रायव्हरची सीट. रेक्झीन फाटलं, फोम बाहेर आला, आणि गाडीतून उतरलो की माझ्या पँटीला मागं पिवळा भुगा.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या अंगाला एक कुशनवाले मामा आहेत. त्यांना म्हटलं, काळं रेक्झीन आणि कडेनं लाल पायपिंग. मामांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "काळ्यावर काळीच घाला सायेब. लाल पायपिंग चुगली करती." पुढं मजुरी सांगितली. ती ऐकली आणि माझा स्वाभिमान जागा झाला. खिळा न मारता, चामड्याच्या वादीनं अख्खी चप्पल शिवणाऱ्या गावात जन्मलो, एक सीट शिवता येऊ नये? रेक्झीन, दोरी आणि नायलॉनचा दोरा घेऊन घरी आलो.

पायपिंग म्हणजे काय, तर पट्टीत दोरी गुंडाळायची आणि ती दोन तुकड्यांच्या शिवणीत अशी दाबायची की बाहेर नुसता गोल काठ दिसावा. दोरी ५ मिलिमीटरची, म्हणून मी पट्टी कापली २० मिलिमीटरची. चांगली ऐसपैस वाटली. पण दोरीला वेढा घालण्यातच १६ संपले, शिवायला दोन्हीकडं दोन-दोन उरले. पायपिंगमधला 'पाय' हा भूमितीतला पाय आहे, हे मला दोन मीटर लाल रेक्झीन वाया गेल्यावर कळलं.

बायको दारात उभी होती. तिच्या ब्लाउजच्या गळ्याची पायपिंग ती स्वतः करते. "पट्टी उरेब, तिरकी कापलीय का?" मी म्हटलं, हे रेक्झीन आहे, ब्लाउज नव्हे. "वळणावर चुण्या पडतील." ती गेली. वळणावर चुण्या पडल्या.

मशीन सासूबाईंचं, पायानं चालवायचं. त्याच्या फुटाला, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या तुकड्याला, दोन बोटं. एक बोट दोरीवर चढलं की सुई घसरून भलतीकडंच उतरते. त्यासाठी चेन लावायचा, एका बाजूचा फूट लागतो, तो बायकोच्या डब्यात होता. मागायला गेलो तेव्हा ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मग रेक्झीन फुटाखाली सरकेना. त्यावर टाल्कम पावडर टाकली. घरात जत्रेतल्या कुस्तीच्या आखाड्यासारखा धुरळा, आणि मध्ये मी, चितपट.

रेक्झीनचा खरा कावा पुढं आहे. कापड चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. रेक्झीनला सुईनं पाडलेलं भोक बुजत नाही. टाचण्याही टोचायच्या नाहीत, म्हणून धुण्याच्या दोरीवरचे सगळे चिमटे काढून सीटच्या कडेला लावले. त्या दिवशी घरातलं धुणं गच्चीवरून शेजाऱ्यांकडं गेलं. पहिला कोपरा मी तीनदा उसवला. शेवटी तिथं इतकी भोकं झाली की पोस्टाच्या तिकिटासारखा तो अलगद सुटून हातात आला. दुसऱ्या कोपऱ्याला कातरीनं खाचे द्यायचे होते. ते शिवणीच्या अलीकडं थांबायला हवेत. माझे थांबले नाहीत.

तरी खोळ झाली. उन्हात ठेवून मऊ केली, फोमला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि खोळ तिच्यावरून ओढून बसवली. बसलीसुद्धा! फक्त पायपिंगचा जोड, जो पाठीमागं लपवायचा असतो, तो बरोबर पुढं, माझ्या दोन मांड्यांच्या मध्ये आला.

आणि ती लाल रेघ. काळी असती तर वाकडेपणा कुणाला दिसला नसता. ही आंबोलीचा घाट चढल्यासारखी सीटभर फिरत होती.

मामांकडं गाडी नेली. त्यांनी दार उघडलं, सीटभोवती एकदा बोट फिरवलं, जोडापाशी थांबले. बराच वेळ गप्प. तंबाखूसुद्धा मळायची राहिली.

"सायेब, वरनं सीटकव्हर घालून टाकू."

"टाका," मी म्हटलं.

मामांनी कानावरची पेन्सिल काढली. "पायपिंगचं घालू, का बिनपायपिंगचं?"