बदलीचा अर्ज म्हणजे पळ काढणं? कोण म्हणतं?

'गेटिसबर्गला हरल्यावर जनरल ली घाबरला, आपली बदली करा म्हणून राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यांनी लगेच हाकलून काढलं, म्हणून सैन्य वाचलं. युद्धात बदली मागणाऱ्याचं कोर्ट मार्शलच व्हायला पाहिजे!' हा मेसेज सध्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. (ली म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा सेनापती, गेटिसबर्ग ही त्याच युद्धातली लढाई.) फिरेना का. पण तो काकूंपर्यंत पोचला. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, फील्ड पोस्टिंगवर, वडील अंथरुणाला खिळलेत म्हणून त्यानं जवळच्या पोस्टिंगसाठी अर्ज टाकलाय. काकू फोनवर रडकुंडीला आलेल्या: "पोराला आता काढून टाकतील काय रे?"

तर आधी कोर्ट मार्शलचंच बघू. १९५० च्या आर्मी ॲक्टमधलं कलम ३८ पळून जाण्याबद्दल आहे, ३९ रजेशिवाय गैरहजर राहण्याबद्दल. अर्ज करणारा यातलं काय करतो? तो ड्युटीवर हजर राहून, सीओ साहेबांमार्फत (म्हणजे युनिटच्या प्रमुखामार्फत), रीतसर लिहून मागतो. कंपॅशनेट ग्राउंडवर, म्हणजे घरच्या अडचणीच्या कारणावरून, पोस्टिंग मागायची सोय खुद्द लष्करानंच ठेवलेली आहे. घरी कोण आजारी, बघायला दुसरं कोण आहे, याची कागदपत्रं जोडावी लागतात. मंजूर होईलच असं नाही, युनिटची गरज आधी. पण नामंजूर झाला म्हणून कुणी बेड्या घालत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून ज्या बेळगावात आहे, तिथल्या लोकांनी हे डोळे झाकून पुढं ढकलावं म्हणजे कमाल आहे!

आता ली. त्याचं पत्र ८ ऑगस्ट १८६३ चं. अमेरिकन सरकारनं त्या यादवी युद्धाची कागदपत्रं छापली, त्यात ते आहे. गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलैची, म्हणजे मध्ये महिना गेलेला. तो लिहितो, वसंतातल्या आजारपणातून मी अजून सावरलो नाही, स्वतः फिरून पाहणी करणं जमत नाही, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघावं लागतं आणि त्यात फसगत होते. माझ्या जागी तरुण आणि अधिक कर्तबगार माणूस नेमा. तक्रार कुणाचीही नाही, स्वतःचीच. यात घाबरण्याचा भाग कुठला?

हाकलल्याचं तर धादांत खोटं. दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिसनं ११ ऑगस्टला उत्तर दिलं: तुमच्याहून लायक माणूस शोधायला सांगणं म्हणजे अशक्य ते मागणं. ली पदावरच राहिला, थेट ९ एप्रिल १८६५ ला शरण जाईपर्यंत.

एक मात्र नाइलाजानं मान्य करतो. सेनापतीला यश येत नसेल तर त्याला हटवणं हाच सर्वसाधारण उपाय, असं ली त्याच पत्रात म्हणतो. मेसेजवाल्यानं तेवढंच कुठंतरी ऐकलं असावं. आणि ली काही आपला आदर्श नव्हे, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूनं लढला तो.

राहिलं 'म्हणून सैन्य वाचलं'. काढलंच नव्हतं, तर वाचलं कशानं?