"जपून!" म्हणजे नेमकं काय करायचं?

घरातल्या दृष्टिहीन माणसाला उठता-बसता "जपून, पडशील" म्हणणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्या मायेपायीच माणूस खुर्चीला चिकटतो आणि मग खरंच पडतो. शरीराचा तोल तिघांच्या भरवशावर असतो: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव. डोळे गेले की उरलेल्या दोघांवर भार येतो. त्यात बसून बसून मांड्या-पोटऱ्या ढिल्या पडल्या, तर तोल जाताना सावरायला पायांत ताकदच उरत नाही.

बरं, व्यायाम सुचवतात तो "जागच्या जागी चाल". डोळे बांधून स्वतः करून बघा. शंभर पावलांत तुम्ही पुढे सरकता, वळताही, आणि नडगी टीपॉयवर आपटते. यावर सुतळीचा उपाय आहे. हातभर तुकडा जमिनीवर आडवा, चिकटपट्टीने पक्का करायचा. अनवाणी उभं राहून ती चवड्याखाली घ्यायची. लागेनाशी झाली की थांबून पायाने शोधायची. समोर भिंतीशी रेडिओ लावायचा, म्हणजे दिशाही कळते. मोबाइल खिशात वाजवून उपयोग नाही, आवाज आपल्याबरोबरच फिरतो.

पायांच्या ताकदीसाठी बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी, दहा वेळा उठ-बस. एका पायावर उभं राहायचं ते खोलीच्या कोपऱ्याला पाठ करून.

बाहेर वेगाने चालायचं किंवा पळायचं तर जोडीदार आणि दोरी. अर्धा मीटर मऊ सुती दोरी, दोन्ही टोकांना फासा. ती बोटांत धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही; एक पडला तर दुसऱ्याला सोडता आलं पाहिजे. जवळचे हात एकत्र हलतात, म्हणून पावलं तीन पायांच्या शर्यतीसारखी पडतात: दोघांचे बाहेरचे पाय एकदम, मग आतले. जोडीदाराने ओढायचं नाही, बोलायचं. "पाच पावलांवर गतिरोधक… तीन, दोन, एक, चढ." "जपून!" ऐकून माणूस फक्त दचकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंग प्रौढांसाठीही आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही.

आता सरसकट "योगा करा" सांगणाऱ्यांसाठी. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको, डोकं शरीराच्या खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर श्वास कोंडून वजन उचलणं, उड्या मारणं बंद. रक्तस्राव होऊ शकतो. "नाहीतरी दिसत नाही, आता काय बिघडणार?" असं जिमवाल्याने म्हटलं तर जिम बदला. उजेड-अंधार कळण्याइतकी नजरसुद्धा राखण्यासारखी असते. नेत्रतज्ज्ञाला नेमकं विचारा: वाकू का, वजन किती, उडी चालेल का?