किल्लीतला सेल आणि व्हॉट्सॲपवरचं केळं

"कारच्या रिमोट किल्लीची बॅटरी घरी कधीच बदलू नका" असा सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. सेल काढला की किल्लीचं कोडिंग उडतं, सेल संपला की चालती गाडी बंद पडते, सेल बोटाने धरू नये, जुना सेल उन्हात ठेवला की परत चार्ज होतो, आणि शेवटी, पोराने सेल गिळलाच तर घाबरू नका, केळं खाऊ घाला, दोन दिवसांत पडून जातो. एरवी सोडून दिलं असतं, पण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मावशीने तो जसाच्या तसा फॅमिली ग्रुपवर टाकला, वर "सांभाळा रे" लिहून, आणि तिच्या घरात दीड वर्षाची नात आहे जी जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते.

कोडिंगचं आधी उरकतो. किल्लीतल्या चिपची मेमरी अशी असते की सेल काढला तरी आतलं लिहिलेलं पुसलं जात नाही, नाहीतर सेल संपला त्या दिवशीच सगळ्यांच्या किल्ल्या बाद झाल्या असत्या, एवढा साधा विचार कोणी करत नाही. हां, काही जुन्या मॉडेलात सेल बदलल्यावर रिमोट गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तेवढं खरंय, मानलं. पण ते फार तर इग्निशन ऑन करून बटण दाबून ठेवण्याइतकं काम असतं आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट तसंच पडून असतं ही गोष्ट वेगळी.

गाडी बंद पडते म्हणे. अरे भिया, चालू इंजिन किल्लीतल्या सेलवर चालतं का? किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी चोरीरोधक यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर, त्याच्या किल्लीतल्या चिपला सेल लागतच नाही, गाडीतली कॉइल तिला जवळून वीज पुरवते, म्हणून तर बऱ्याच बटण-स्टार्ट गाड्यांत मेलेला रिमोट बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी सुरू होते. (काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअल बघा.) आणि दार उघडायला रिमोटच्या पोटात लपवलेली साधी किल्ली असते, तिच्या खाचेतच नाणं घालून फिरवलं की टक् करून रिमोट उघडतो. आतल्या सेलवर नंबर असतो तोच आणायचा. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. सीआर२०२५ पण तेवढाच रुंद, पण जाडी २.५, म्हणून बसल्यासारखा वाटतो आणि ढिला राहतो. जेल रोडवर कुठेही मिळेल, पाकीटबंद घ्या.

आता ते केळं. हे ज्याने लिहिलं त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं. बटण सेल, म्हणजे किल्लीतला हाच चपटा गोल सेल, हे नाणं नाही. हा २० मिलिमीटरचा सेल लहान पोराच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो, आणि तिथल्या ओलाव्यातून करंट वाहायला लागला की त्याच्या निगेटिव्ह बाजूला कॉस्टिकसारखा तीव्र क्षार तयार होतो, जो आतली कातडी जाळतो. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल फुटायची, गळायची गरज नाही, आणि "संपलेला होता हो" हेही चालत नाही, रिमोट चालवायला कमी पडलेला सेल जाळायला पुरतो. पोर कदाचित नुसतं लाळ गाळेल, खोकेल, जेवणार नाही, घरचे म्हणणार सर्दी झालीय. अमेरिकेत एका चिमुरडीचा रिमोटमधला सेल गिळून जीव गेला, तिच्या नावाने २०२२ साली 'रीसेज लॉ' हा कायदा झाला, सेलचा कप्पा पोरांना उघडता येऊ नये म्हणून.

तिथल्याच नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या सूचना स्पष्ट आहेत. उलटी काढायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, लगेच दवाखाना. अपवाद फक्त मधाचा: सेल गिळून १२ तास झाले नसतील, पोर एक वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने सेल बाहेर पडत नाही, फक्त भाजणं थोडं मंदावतं, म्हणून मध शोधत बसू नका. एक वर्षाच्या आतल्याला मध अजिबात नाही. एमवायसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी, जिथे एक्सरे आणि एंडोस्कोपी लगेच होईल तिथे जा, आणि दारातच "बटण सेल" हे शब्द सांगा. नाकात-कानात गेला तरी हीच घाई.

बोटाचं अर्धवट खरंय, घामट बोटाने कॉन्टॅक्ट कधी कधी बिघडतो, कोरड्या कपड्याने पुसा, झालं. उन्हाचं काय बोलणार, हे सेल चार्ज व्हायला बनलेलेच नाहीत, तापवले तर फुटू शकतात.

आणि मावशी, काढलेला सेल टीव्हीखालच्या वाटीत टाकू नको. दोन्ही बाजूंनी टेप चिकटव आणि सकाळच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो, त्यात दे, गाडीवाल्याला सांगून.