‘कोर्टाने नाही म्हटलं, विषय संपला’ असं लिहिणाऱ्या देवगडच्या वाचकांस

नमस्कार,

समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही कळवलंत : ‘हे मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांचं खूळ. आमच्या गावरहाटीत असलं काही बसत नाही. सुप्रीम कोर्टानेही नाही म्हटलंय, विषय संपला.’ राग असूनही तुम्ही सभ्यपणे लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी कोर्टाचं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करणं हे संसदेचं काम आहे. जोडीदार म्हणून काही हक्क तरी मिळावेत, या मुद्द्यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे चेंडू संसदेकडे गेला, विषय कुठे संपला? आणि ‘शहरी लोकांचं खूळ’ हा युक्तिवाद केंद्र सरकारनेही केला होता. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तो आपल्या निकालपत्रात खोडून काढलाय.

तो खोडायला मला निकालपत्राचीही गरज नाही. आमच्या वाडीत दोघेजण राहत. एकाचं शिंपीकाम, दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं घर आणि आंब्याची चाळीस कलमं. सव्वीस वर्षं एक चूल. गावाला कळत नव्हतं असं नाही. ‘त्येंचा ता त्येंका म्हायत’ म्हणून माणसं गप्प बसत, आणि गणपतीत त्यांच्याकडे आरतीला जात. तुमची गावरहाटी आणि माझी काही वेगळी नसावी.

गेल्या पावसाळ्यात कलमवाल्यांना रात्री अटॅक आला. मी गाडी काढली. इस्पितळात फॉर्म पुढे आला, त्यात ‘रुग्णाशी नाते’ अशी ओळ. शिंप्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं, मग ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने ते खोडलं आणि नात्यातलं कोणीतरी बोलवा म्हणाला. डोंबिवलीचा पुतण्या फोनवर सापडेपर्यंत पाऊण तास गेला. तपासताना डॉक्टरांनी कापून काढलेला शर्ट शिंप्यांनीच शिवलेला होता. त्याची तुटलेली बटणं मुठीत धरून ते बाकावर बसले होते.

पंधरा दिवसांनी माणूस गेला. अग्नी पुतण्याने दिला. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर पुतण्याचं नाव लागलं. ज्याने त्या कलमांसाठी खड्डे खणले, विहिरीचं पाणी शेंदून घातलं, त्याचं नाव कुठेच नाही. कागदावरच्या नावाची किंमत आपण कोकणातल्या माणसांनी कुणाकडून शिकायची? दोन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तीस नावं असतात, आणि त्यातलं एक राहिलं तर भाऊ भावाच्या दारात पाऊल टाकत नाही.

मृत्युपत्र करायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय, ज्यांना जमेल त्यांनी आजच करावं. जोडीदारासोबत बँकेत संयुक्त खातं काढता येतं, रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरावं, हेही केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण नवऱ्यामागे बायकोला काही लिहून न ठेवताही जे मिळतं, त्यासाठी यांनी कागदामागे कागद करत बसायचं. आणि मध्यरात्री इस्पितळाच्या काउंटरवर मृत्युपत्र काय कामाचं?

राहता राहिली गावरहाटी. दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे त्याला सदतीस वर्षं होऊन गेली होती! कायद्याने गावाचं मन वळलं नाही, हे तुमच्या बाजूचं आहे, मी मान्य करतो. पण गोदूबाई कर्व्यांच्या बायको नाहीत, असं कोणत्याही कचेरीत कुणाला म्हणता येणार नव्हतं. मी एवढंच मागतोय. गावाने मांडव घालावा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

पुतण्या भला आहे. ‘काका राहूदेत घरात’ म्हणाला, आणि शिंपी अजून तिथेच राहतात. यंदा कलमं मोहोरली तेव्हा फवारणी करू काय, म्हणून त्यांनी डोंबिवलीला फोन लावला. मी पडवीतच बसलो होतो. सव्वीस वर्षं ज्या झाडांवर आपल्या हाताने फवारणी केली, त्यांच्यासाठी ते परवानगी मागत होते.