बीकेसीतला सायकल ट्रॅक काढून कोंडी सुटणार नाही

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातले (बीकेसी) सायकल ट्रॅक काढून गाड्यांसाठी जादा लेन करायचं जाहीर केलं. तेव्हापासून त्याच्या समर्थनाचा एक मेसेज सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: ट्रॅक कुणी वापरत नाही, तो काढला की कोंडी सुटेल, मुंबईच्या हवेत सायकल चालवणं जमणारच नाही, आणि आता कॅनडासुद्धा सायकल लेन उखडतोय. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘ट्रॅक कुणी वापरत नाही.’ वापर कमी आहे, हे खरंच आहे. पण तो का कमी आहे, हे ट्रॅकवरून एकदा सायकल नेली की कळतं. हा ट्रॅक संकुलाच्या आतल्या आत फिरतो. वांद्रे स्टेशनकडून येणाऱ्याला कलानगरचं जंक्शन जीव मुठीत धरून पार करावं लागतं, ट्रॅक लागतो तो त्यानंतर. लागल्यावर तरी काय? एखाद्या ऑफिसच्या दारात टॅक्सी थेट ट्रॅकवर उभी असते, पुढे बाइक ओळीने लावलेल्या असतात, आणि गेटचा रॅम्प आला की पट्टाच तुटतो. सायकलवाला खाली उतरतो, सायकल उचलून रस्त्यावर घेतो आणि बस-डंपरच्या मधून वाट काढतो. लोकल फक्त दादर ते माटुंगा धावली असती, तर तीही रिकामीच दिसली असती.

शिवाय ‘कुणी’ म्हणजे कोण? या रस्त्यांवर डबेवाले असतात, पाववाले असतात, आसपासच्या वस्त्यांतून ड्यूटीवर येणारे सिक्युरिटी गार्ड आणि सफाई कामगार असतात. ऑफिसच्या ग्रुपवर ही माणसं नसतात, म्हणून मेसेजातही नाहीत.

‘एक लेन वाढली की कोंडी सुटेल.’ बीकेसीत गाड्या तुंबतात त्या सिग्नलला आणि संकुलातून बाहेर पडायच्या तोंडांशी. मधला रस्ता रुंद केला, तरी ती तोंडं तेवढीच राहणार. तिथे पोचायची रांग फक्त जाडी होईल. आणि हा प्रयोग मुंबईने आधी केला नाही असंही नाही. नव्वदच्या दशकात पन्नासेक उड्डाणपूल आखले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीकेसी-चुनाभट्टी जोडरस्ता सुरू झाला. तरी संध्याकाळी सातला बीकेसीतून बाहेर पडणाऱ्याला विचारा. जागा वाढली की गाड्याही वाढतात. अमेरिकेतल्या महानगरांवरचा २०११ चा एक गाजलेला अभ्यास सांगतो, की महामार्गांच्या लेनची एकूण लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढतो.

सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडच्या मार्गिकांवर बंदी, अटल सेतूवर बंदी. हजारो कोटींचे हे रस्ते आधीच मोटारींना दिलेले आहेत. त्यांच्यापुढे हा पट्टा किती? आणि जागा खरोखरच हवी असेल, तर जादा लेन बेस्टच्या बसला राखून ठेवा. एका बसमध्ये जेवढी माणसं बसतात, तेवढी मोटारींतून न्यायची तर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रांग लागते. पण मेसेजात बसचा उल्लेखही नाही.

‘मुंबईच्या हवेत जमणार नाही.’ घाम येतो, पाऊस पडतो, मान्य. पण डबे मे महिन्यातही पोचतात आणि जुलैतही, आणि स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचा मोठा टप्पा सायकलवरूनच जातो.

राहिला कॅनडा. मेसेजात सर्वांत जोरात हेच म्हटलंय आणि सर्वांत अर्धवटही हेच आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टारिओच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून शहरातल्या ब्लोअर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायचं ठरवलं, इथपर्यंत खरं. पुढचं कुणी पाठवत नाही. शहरातले सायकलस्वार रस्त्यावर उतरले, त्यांची संघटना ‘सायकल टोरांटो’ कोर्टात गेली. ३० जुलै २०२५ ला तिथल्या सुपीरियर कोर्टाने निकाल दिला, की या लेन काढणं घटनेने दिलेल्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काविरुद्ध आहे. लेन काढून कोंडी कमी होईल, याला पुरावा नाही आणि माणसांच्या जिवाचा धोका मात्र वाढेल, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. लेन काढून कोंडी कमी होईलच असं नाही, ही सूचना सरकारला स्वतःच नेमलेल्या सल्लागारांकडूनही मिळाली होती. सरकारने निकालाविरुद्ध अपील केलं.

याच कायद्यात आणखी एक कलम होतं: लेन काढल्यानंतर कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तरी सरकारवर दावा लावता येणार नाही. धोका सरकारला ठाऊक नसता, तर हे कलम कशाला घातलं असतं? कॅनडाचा दाखला द्यायचाच असेल, तर तो इथूनच द्यावा. ट्रॅक गेल्यावर गाड्यांच्या मधून सायकल नेणाऱ्या एखाद्या गार्डला ट्रकने उडवलं, तर जबाबदार कोण, हे एमएमआरडीएने लेखी सांगावं.